गोव्यातल्या छोट्या संस्थेला अनुदान कसं मिळतं : कपाटातल्या कागदांपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

गावातलं महिला मंडळ ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र काढायचं ठरवतं, युवक संघाला मुलांची शिकवणी सुरू करायची असते, कुणाला रुग्णांसाठी गाडी हवी असते. सभेत पहिला प्रश्न येतो तो "पैसे देणार कोण?" असा. खरं तर हा तिसरा प्रश्न. पैसे आले तर ते घेण्याजोगी आपली संस्था आहे का, हा पहिला. कोणत्या प्रकारचा पैसा आपल्याला कायद्याने घेता येतो, हा दुसरा. हा क्रम उलटा झाला की काय होतं? वेर्ण्याची एखादी कंपनी 'हो' म्हणते, कागद मागते, आणि इथे घटनेची प्रत सापडत नाही. मार्च उलटतो आणि वर्ष जातं.

पुढची माहिती छोट्या, गावपातळीवरच्या संस्थांसाठी आहे. शून्यातून सुरुवात असेल तर पहिला रुपया हाती यायला नऊ महिने ते वर्ष धरून चला.

१. आधी कपाट उघडा

गोव्यातली बहुतेक मंडळं १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असतात. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. दुसरे दोन मार्ग म्हणजे ट्रस्ट आणि २०१३ च्या कंपनी कायद्यातली 'कलम ८' कंपनी. गावातल्या कामाला सोसायटी पुरते. कलम ८ कंपनीचा दरवर्षीचा खर्च आणि कागदांचा व्याप छोट्या संस्थेला झेपत नाही.

इंटरनेटवर मराठीत मिळणारी बहुतेक माहिती महाराष्ट्राची असते, हे लक्षात ठेवा. तिथे धर्मादाय आयुक्त आहेत, 'चेंज रिपोर्ट' आहे, ट्रस्ट नोंदणी क्रमांक आहे. गोव्यात धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय नाही. सोसायटीची नोंदणी निबंधकांकडे होते आणि ट्रस्टचा दस्त सब-रजिस्ट्रारकडे. बाहेरच्या देणगीदाराने "चॅरिटी कमिशनरचं प्रमाणपत्र पाठवा" असं लिहिलं तर घाबरू नका. हे कार्यालय गोव्यात नाही, एवढं दोन ओळींत कळवा आणि सोसायटीचं प्रमाणपत्र जोडा.

देवस्थानाच्या नावावर समाजकार्याचं अनुदान मागू नका. महाजनांची देवस्थानं १९३३ च्या देवस्थान नियमनाखाली चालतात, त्यांचे प्रशासक मामलेदार असतात. त्या चौकटीत सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजकार्यावर खर्चायचा पैसा बसवणं म्हणजे नसती डोकेदुखी. देवस्थानाचं सभागृह वापरायला घ्या, संस्था मात्र वेगळी नोंदवा.

कपाटात हे कागद असायला हवेत :

– नोंदणी प्रमाणपत्र, आणि घटना व नियमावलीची निबंधकांचा शिक्का असलेली प्रत
– चालू कार्यकारिणीची यादी, निबंधकांकडे दाखल केल्याच्या पोचपावतीसह
– मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब
– सभांचं इतिवृत्त, सह्यांसकट
– संस्थेचं पॅन कार्ड, आणि सर्व पदाधिकाऱ्यांचे पॅन व आधार
– कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा : घरपट्टीची पावती, वीजबिल, जागामालकाचा ना-हरकत दाखला
– बँकेचं पासबुक आणि सहीचे अधिकार कुणाला आहेत ते सांगणारा ठराव

यातला दुसरा कागद सर्वांत जास्त वेळा नसतो. सोसायटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यावी लागते, आणि नियमावलीत वार्षिक सभेची तरतूदच नसेल तर जानेवारीत. कित्येक मंडळांनी ती दहा-दहा वर्षं दिलेली नसते. निवडणुका होतात, अध्यक्ष बदलतात, निबंधकांच्या दप्तरी मात्र जुनाच अध्यक्ष. बँक त्याचीच सही मागते. मागच्या सगळ्या वर्षांच्या याद्या इतिवृत्ताच्या आधारे तयार करून एकदम दाखल करा. इतिवृत्तच नसेल, तर मागच्या तारखा टाकून नवं लिहू नका. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, नवी कार्यकारिणी निवडा आणि तिथून पुढचं स्वच्छ ठेवा.

पत्त्याची भानगड गोव्यात वेगळीच असते. वीजबिल आजोबांच्या नावे, आजोबा वारून वीस वर्षं झालेली, आणि घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली वाटणी, अजून व्हायची आहे. अशा वेळी घरपट्टी जो भरतो त्याचा ना-हरकत दाखला आणि पंचायतीचा दाखला, हे दोन्ही जोडून ठेवा.

नावांचं स्पेलिंग आताच तपासा. नोंदणी प्रमाणपत्रावर गावाचं नाव 'बिचोलिम' आणि पॅनवर 'डिचोली', 'मंडळ'चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं, एवढ्यावर ऑनलाइन अर्ज अडतो. संगणकाला डिचोली आणि बिचोलिम एकच, हे कोण सांगणार? पदाधिकाऱ्यांचंही तेच. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं 'पोरोब' किंवा 'सिनाय', आधारवर 'प्रभू' किंवा 'शेणवी'. बँकेत प्रतिज्ञापत्रावर काम भागतं, सरकारी पोर्टलवर भागत नाही. पॅन आणि आधार आधी जुळवून घ्या.

२. घटनेत तीन कलमं आहेत का, बघा

आयकर खातं संस्थेचं काम बघण्याआधी घटना बघतं. तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. संस्थेचं उत्पन्न फक्त उद्देशांसाठीच वापरलं जाईल, सभासदांना नफा वाटला जाणार नाही. संस्था विसर्जित झाली तर उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल. आणि जात, धर्म, पंथ न बघता लाभ सर्वांना मिळेल.

तिसऱ्या मुद्द्यावर ज्ञातिसंस्था अडकतात. 'अमुक समाजाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती' हाच उद्देश असेल तर ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकर नोंदणी, मिळणं कठीण, कारण विशिष्ट धार्मिक समुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला ती सवलत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीचं काम याला अपवाद आहे. दुसरी मेख खर्चाची. वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून जास्त पैसा धार्मिक कामावर गेला तर ८०जी धोक्यात येते. ज्या मंडळाच्या हिशेबात सप्ताह, सार्वजनिक गणपती आणि शिकवणी एकाच वहीत आहेत, त्यांनी समाजकार्यासाठी सरळ वेगळी सोसायटी नोंदवावी. जुन्या मंडळाचं नाव मोठं म्हणून त्यातच कोंबायचा मोह होतो. तो टाळा.

उद्देश बदलायचे किंवा वाढवायचे असतील तर सोसायटी कायद्याच्या कलम १२ ची पद्धत आहे. सभेच्या दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव सभासदांच्या हाती, सभेत तीन-पंचमांश मतं, मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा आणि तिथेही तीन-पंचमांश. हा महिना वेळापत्रकात धरा. एकाच दिवशी दोन सभांचं इतिवृत्त लिहिलेलं दिसलं की तो बदल ग्राह्य धरला जात नाही.

घटना मराठीत असेल तर चांगलंच. इंग्रजी भाषांतर मात्र करून, नोटरीची सही घेऊन ठेवा, कारण आयकराचे अर्ज इंग्रजीत वाचले जातात.

३. चार नोंदण्या, याच क्रमाने

पॅन → १२ए व ८०जी → एनजीओ दर्पण → सीएसआर-१.

१२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आणि ८०जी ही नावं १९६१ च्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतात. देणगीदार आणि सीए अजून जुन्याच नावांनी बोलतात, म्हणून इथे तीच वापरली आहेत. भरताना चालू क्रमांक सीएकडून खात्री करून घ्या.

नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती सोपी असते, फारशी चौकशी होत नाही. पुढचा टप्पा लोक विसरतात : काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा तात्पुरती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. तीन वर्षं आहेत म्हणून निवांत बसलेल्या संस्थेला पहिल्या वर्षीच तारीख हुकल्याचं कळतं. नियमित नोंदणी साधारण पाच वर्षांची असते. लहान उत्पन्नाच्या संस्थांना १२ए साठी आता दहा वर्षांपर्यंत मिळू शकते.

नियमित नोंदणीच्या वेळी आयकर आयुक्तांकडून प्रश्न येतात. गोव्यातल्या संस्थांचे हे अर्ज बंगळुरूला बघितले जातात, पण तुम्हाला तिथे जावं लागत नाही, सगळं पोर्टल आणि ई-मेलवर चालतं. घोटाळा नेमका इथेच होतो. नोंदणीत ई-मेल सीएच्या कार्यालयाचा दिलेला असतो, नोटीस तिकडे जाते, उत्तराची मुदत संपते आणि अर्ज फेटाळला जातो. संस्थेचा स्वतःचा ई-मेल द्या, पासवर्ड दोघांकडे ठेवा, आणि दर आठवड्याला कुणीतरी एकाने पोर्टल उघडून बघायचं असं ठरवून टाका.

दर्पण हे नीती आयोगाचं पोर्टल. केंद्राच्या योजनांना त्याचा क्रमांक लागतोच. सीएसआर-१ हा कंपन्यांचा सीएसआर पैसा घेण्यासाठीचा कंपनी मंत्रालयाचा फॉर्म, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा. त्याला अधिकृत पदाधिकाऱ्याची डिजिटल सही आणि सीए, कंपनी सचिव किंवा कॉस्ट अकाउंटंट यांचं प्रमाणन लागतं. नियमात आणखी एक अट आहे : तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. क्रमांक मिळताना ही अट फारशी कुणी तपासत नाही, कंपनी मात्र तपासते. म्हणून पहिली तीन वर्षं लहान देणग्यांवर काम चालवा आणि त्याचे फोटो, हजेरी, हिशेब नीट जपा.

४. कुणाकडे मागायचं, आणि कधी

*कंपन्या.* २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. सरासरी नफा ६ कोटी असलेल्या कुंडईच्या एखाद्या मध्यम कारखान्याचे होतात वर्षाला १२ लाख. मोठ्या नावांच्या मागे सगळेच लागतात. या १२ लाखवाल्यांकडे फारसं कुणी जात नाही, आणि छोट्या संस्थेच्या गरजेचा आकडा नेमका त्यांच्याच खिशात असतो. ज्यांची वर्षाची जबाबदारी ५० लाखांपर्यंत आहे त्यांना वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, निर्णय थेट संचालक घेतात. म्हणजे माणूस एक, निर्णय लवकर.

कायदा कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. वेर्ण्याच्या कंपनीकडे लोटली, कुठ्ठाळी, नागोव्याचा प्रस्ताव न्या. पेडण्याचा नेलात तर "थिवीच्या कंपन्यांना विचारलंत का?" असं ऐकावं लागेल, आणि ते चूक नसेल. फक्त कंपनीच्या कामगारांच्या कुटुंबांना लाभ देणारं काम सीएसआरमध्ये बसत नाही, ते सुचवू नका.

वेळ दोनदा येते. एप्रिल ते जून या काळात वर्षाचा आराखडा ठरतो. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये न खर्चलेली रक्कम कंपनीच्या गळ्याशी येते, कारण चालू प्रकल्पाला न बांधलेला उरलेला पैसा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत कायद्याने नेमलेल्या सरकारी निधीत टाकावा लागतो. फेब्रुवारीत फोन आला तर दोन-तीन लाखांचा, महिन्याभरात पुरा होणारा प्रस्ताव तयार हवा : वॉकर, खाटा, शाळेतली पाण्याची टाकी, असलं काही. त्या घाईत पगाराचा प्रकल्प देऊ नका. मार्च संपला की पगार बंद होतो आणि माणसं तुमच्याकडे बघत बसतात.

*राज्य सरकार.* समाजकल्याण, महिला व बालविकास, कला व संस्कृती या संचालनालयांच्या संस्थांसाठी योजना असतात. योजनेची जाहिरात वाचून थांबू नका, राजपत्रातला मूळ मजकूर काढून वाचा. पात्रता, कमाल रक्कम आणि कोणत्या बाबींवर खर्च चालतो ते त्यातच असतं. पैसा बहुधा हप्त्याने आणि मागाहून येतो. किमान तीन महिन्यांचा खर्च स्वतःकडे नसेल तर सरकारी अनुदानावर माणसं नेमू नका. प्रोव्हेदोरियाबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. ती सरकारी संस्था मुख्यतः स्वतःचे वृद्धाश्रम चालवते, तुमच्या केंद्राला दरमहा पैसे देणारी पेढी म्हणून तिच्याकडे बघू नका.

*केंद्र सरकार.* अपंगांसाठी दीनदयाळ पुनर्वसन योजना, ज्येष्ठांसाठी अटल वयो अभ्युदय योजना. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, तपासणी जिल्हा पातळीवर. मुलांना मुक्कामी ठेवणार असाल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी आधी हवी. ती नसताना मुलं ठेवणं हाच गुन्हा आहे.

*रोटरी.* गोवा रोटरीच्या ३१७० या जिल्ह्यात येतो. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पुढच्या वर्षीच्या नियोजित अध्यक्षांना भेटा. विद्यमान अध्यक्षांचं बजेट तोवर संपलेलं असतं. ग्लोबल ग्रँटला किमान ३०,००० डॉलरचा प्रकल्प लागतो, ती वाट सध्या सोडा. क्लबच्या स्वतःच्या पैशातून किंवा डिस्ट्रिक्ट ग्रँटमधून व्हीलचेअर, तपासणी शिबिर अशा वस्तू आणि सेवा मिळतात.

*गावकरी.* ८०जी असली तरी २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि देणगीदार नव्या करप्रणालीत असेल तर त्याला ८०जीचा फायदाच नाही. हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर जुलैत भांडण. वर्षभराच्या देणग्यांचं विवरण ३१ मेपर्यंत आयकर पोर्टलवर भरायचं असतं. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क. देणगीदाराचं प्रमाणपत्र त्या विवरणातूनच निघतं, म्हणून पावती फाडतानाच पॅन, पूर्ण नाव आणि पत्ता घ्या. जत्रेच्या दिवशी गर्दीत फाडलेल्या पावत्यांवर 'नाईक, खालचा वाडा' एवढंच असतं. असे नाईक त्या वाड्यावर अकरा असतात.

५. परदेशातला गावकरी : पासपोर्ट विचारा

हा मुद्दा गोव्याइतका दुसरीकडे क्वचितच येतो. गावातला मुलगा लंडनला असतो, चवथीला येतो, मंडळाला ५०,००० रुपये देतो. घ्यायचे का?

तो कुठे राहतो यावर उत्तर ठरत नाही. तो कुठल्या देशाचा नागरिक आहे यावर ठरतं. २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याप्रमाणे, म्हणजे एफसीआरएप्रमाणे, परदेशी नागरिकाकडून आलेला पैसा हा विदेशी अंशदान धरला जातो. दुबई, कुवेत, मस्कतला नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ते विदेशी अंशदान नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये राहणारा तुमचाच शेजारी कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक आहे. त्याच्याकडे ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरीही. त्याने म्हापशाच्या बँकेतल्या खात्यातून रुपयांत चेक दिला तरीही.

एफसीआरए नोंदणी नसताना असा पैसा स्वीकारणं हा गुन्हा आहे, आणि पुढे नोंदणी मागायला गेलात तर हीच नोंद आडवी येते. म्हणून पावती पुस्तकात एक रकाना वाढवा : 'नागरिकत्व'. परदेशात राहणाऱ्या भारतीय देणगीदाराकडून पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत आणि दोन ओळींचं लेखी निवेदन घ्या. माणसं दुखावतात, "मी गोंयकार नव्हे काय?" म्हणतात. त्यांना सांगा की त्यांच्या भारतीय नागरिक असलेल्या भावाने किंवा बहिणीने स्वतःच्या कमाईतून दिलेलं चालेल. त्यांचेच पैसे भावाच्या खात्यातून वळवून मात्र चालणार नाहीत.

स्वतःची एफसीआरए नोंदणी हवी असेल तर संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च केलेली हवी. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येऊ शकतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेच्या एफसीआरए खात्यातून तुमच्या मंडळाला मिळणारी 'मदत' २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद झालेली आहे. कुणी तशी ऑफर दिली तर नमस्कार करून परत या.

६. प्रस्ताव : दोन पानं आणि एक तक्ता

पहिल्या पानावर कोणत्या गावात, कोणासाठी, किती जणांसाठी, काय करणार. दुसऱ्यावर कोण करणार, किती पैसे, पैसे संपल्यावर पुढे काय. संस्थेचा इतिहास चार ओळींत. गोव्याचा निसर्ग, आपली संस्कृती, वृद्धांची दैना यावर परिच्छेद लिहू नका, वाचणाऱ्याने असे तीस वाचलेले असतात.

खरा कस तक्त्यात लागतो. 'जेवण – ४ लाख' अशी ओळ बघितली की प्रस्ताव बाजूला जातो, कारण ती तपासता येत नाही. उदाहरण घेऊ. धारबांदोडा तालुक्यात २५ ज्येष्ठांसाठी आठवड्याचे पाच दिवस चालणारं केंद्र, महिन्याचे २२ दिवस, वर्षाचे २६४.

– काळजीवाहक : २ × १६,००० × १२ = ३,८४,०००
– जेवण : २० जण × २६४ दिवस × ६० रु. = ३,१६,८००
– ने-आण करणारी भाड्याची गाडी : २६४ × १,४०० = ३,६९,६००
– परिचारिकेची भेट : ५२ × ८०० = ४१,६००
– प्राथमिक औषधं, रक्तदाब-साखर तपासणीचं सामान : १२ × २,००० = २४,०००
– हिशेबनीस व ऑडिट : ३६,०००

एकूण ११,७२,०००.

नोंदणी २५ जणांची, पण जेवण २० जणांचं धरलं आहे. पावसात, चवथीत, शिगम्यात हजेरी घटते, गुडघे दुखतात, कुणी मुलाकडे मडगावला जातं. २५ धरून बजेट मांडलं तर वर्षाअखेर ७९,२०० रुपये उरतात आणि ते परत करावे लागतात. आणि मग पुढच्या वर्षीचा आकडा देणारा स्वतःच कापतो. एकूण खर्चाला ५,२८० हजेरी-दिवसांनी भागा : माणशी दिवसाला सुमारे २२२ रुपये. हा एक आकडा प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत घाला, संचालकाच्या तेवढाच लक्षात राहतो.

दर कुठून आले त्याचा पुरावाही जोडा : गाडीसाठी तीन कोटेशनं, पगारासाठी राज्याचे चालू किमान वेतन दर. किमान वेतनाखालचा पगार दाखवून बजेट स्वस्त करू नका, कंपनीचे वकील तेच आधी बघतात. सभागृह फुकट मिळत असेल तर त्याचं अंदाजे भाडं 'संस्थेचा वाटा' म्हणून वेगळं दाखवा. हिशेबनिसाची ओळ काढून टाकायचा मोह आवरा. हीच ओळ पुढे तुम्हाला वाचवणार असते.

७. करार

वाचून सही करा. तीन गोष्टी शोधा : हप्ते कोणत्या तारखांना किंवा कोणत्या अटीवर, खर्चाच्या एका शीर्षकातून दुसऱ्यात किती टक्के फिरवता येतं, आणि उरलेल्या पैशाचं काय. तोंडी बदल चालत नाहीत, ई-मेलवर होकार घ्या. सीएसआरच्या पैशातून गाडी घेतलीत तर ती संस्थेच्याच नावे नोंदवा. अध्यक्षांच्या नावे गाडी म्हणजे पुढे अध्यक्षांच्या मुलांशी वाद.

८. बिलं : रोजचं काम

प्रत्येक अनुदानासाठी वेगळं बँक खातं, निदान वेगळं खतावणीचं पान. बिल संस्थेच्या नावाने, तारीख अनुदानाच्या काळातली. बिलावर अनुदानाचं नाव आणि शीर्षक त्याच दिवशी पेनाने लिहा, नाहीतर एकच बिल दोन देणगीदारांना लागतं आणि तुम्ही नकळत चोर ठरता. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च धरला जात नाही. ५,००० रुपयांवरच्या पावतीला १ रुपयाचं महसुली तिकीट.

खरी अडचण जेवणाच्या सामानाची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबडी भाजी, बांगडे किंवा नारळ घेताना बिल मागितलं तर बाई हसते. अशा खरेदीसाठी छापील व्हाउचर ठेवा : तारीख, काय घेतलं, वजन किंवा नग, दर, एकूण, विकणाऱ्याचं नाव आणि गाव, शक्य असेल तर सही किंवा अंगठा, खाली खरेदी करणाऱ्याची आणि दुसऱ्या एका पदाधिकाऱ्याची सही. त्याच दिवशीच्या जेवणाच्या हजेरीपत्रकाचं पान त्याला टाचा. १८ जणांची हजेरी आणि ४० जणांचे मासे असा मेळ ऑडिटर लगेच पकडतो. तांदूळ, डाळ, तेल मात्र बिल देणाऱ्या दुकानातूनच महिन्याचं एकदम घ्या आणि पैसे बँकेतून द्या. व्हाउचरचा आकडा जितका लहान, तितके प्रश्न कमी.

हजेरी रोजची रोज, सही किंवा अंगठ्यासह. महिन्याअखेर एकाच शाईने भरलेलं हजेरीपत्रक दुरून ओळखू येतं.

९. हिशेब देणं

कंपनीला बहुधा तिमाही अहवाल लागतो : किती लोक, किती दिवस, किती खर्च, मंजूर आकड्याशी फरक आणि फरकाचं कारण. दहा टक्क्यांवर फरक असेल तर कारण विचारायच्या आधीच लिहा. फोटो तीन पुरेत, त्यांत बॅनर एकाच फोटोत असू द्या.

केंद्राच्या अनुदानाला उपयोगिता प्रमाणपत्र २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतल्या १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. अनुदानावर बँकेने दिलेलं व्याज संस्थेचं नसतं, ते सरकारकडे परत जातं. पुष्कळ संस्था मुद्दल चोख दाखवतात आणि व्याजाचे ३,०००-४,००० रुपये विसरतात. पुढचा हप्ता त्या ३,००० साठी अडतो.

ऑडिट अहवाल साधारण ३० सप्टेंबरपर्यंत, विवरणपत्र ३१ ऑक्टोबरपर्यंत. अहवाल उशिरा अपलोड झाला तर वर्षाची करसवलत अडचणीत येते, आणि चवथीच्या सुट्ट्या नेमक्या त्याच्या आधी येतात. सीएला कागद जुलैअखेर द्या. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी खर्च व्हायला हवी. मार्चअखेर मोठा हप्ता आला आणि खर्च पुढच्या वर्षी जाणार असेल तर सीएला लगेच सांगा, त्यासाठी वेगळा फॉर्म मुदतीत भरावा लागतो.

अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची मालमत्ता नोंदवहीत नोंद करा : क्रमांक, तारीख, किंमत, कोणत्या पैशातून, कुठे ठेवली आहे. तोच क्रमांक ऑइल पेंटने वस्तूवर लिहा. पावसाळ्यात चिकटपट्ट्या दोन महिन्यांत गळून पडतात, आणि तपासणीला आलेला माणूस खाटा मोजायला लागतो तेव्हा तुमच्या खाटा कोणत्या आणि देवस्थानाच्या सभागृहातल्या कोणत्या, हे सांगता आलं पाहिजे.